खेळण्यातील लेझर टॅग बंदुकांचे रंगकाम : नाना पेठेतील एका कारागिराच्या कामाचे परीक्षण

प्लॅस्टिकच्या खेळण्यातील बंदुका आपल्या पसंतीच्या रंगांत रंगवून देणारे स्वतंत्र दुकान पुण्यात निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. हे काम अंगावर घेतात ते दुचाकीच्या टाक्या, हेल्मेट आणि मडगार्ड रंगवणारे कारागीर, आणि अशा कारागिरांचा शोध घ्यायचा तर दुचाकीच्या सुट्या भागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाना पेठेकडे पाय आपोआप वळतात. तेथील एका गल्लीत बसणाऱ्या कारागिराकडून आमच्या सोसायटीतील मुलांचा लेझर टॅगचा, म्हणजे प्रकाशाने एकमेकांवर नेम धरण्याच्या खेळाचा, संच रंगवून घेतला, त्याचे हे परीक्षण आहे. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि खेळणी रंगवणे हा त्या माणसाचा मूळ धंदा नाही. माझे मत मात्र सुरुवातीलाच सांगून टाकतो : पृष्ठभाग तयार करणे आणि रंग चढवणे यांत हा कारागीर तयारीचा आहे, पण खेळण्याच्या आतील यंत्रणेचे भान त्याला जेमतेम आहे. बंदूक उघडून, जे झाकायचे ते स्वतः झाकून त्याच्या हाती दिली तर पैसे वसूल होतात, आणि पिशवीतून काढून तशीच पुढे ठेवली तर होत नाहीत.

संच चार बंदुका आणि चार जाकिटांचा, चिनी बनावटीचा, ऑनलाइन मागवलेला होता. बंदुकांचा मूळ रंग पांढरा आणि त्यावर निळ्या, लाल, हिरव्या पट्ट्या, असा सगळ्यांनी कोठे ना कोठे पाहिलेला प्रकार. दोन वर्षे पार्किंगमध्ये आपटून त्यांच्यावर ओरखडे पडले होते, मार्करने लिहिलेली नावे अर्धवट पुसली गेली होती, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी कोणती बंदूक कोणाची यावरून खेळापेक्षा भांडणच अधिक रंगत होते. नवा संच घेण्याऐवजी आहे तोच रंगवावा, प्रत्येक बंदूक वेगळ्या रंगाची असावी आणि तिच्यावर तिचे नाव असावे, अशी मुलांची मागणी होती.

रंगकामाविषयी लिहिण्याआधी हे खेळणे चालते कसे ते सांगणे भाग आहे, कारण रंगवणाऱ्याच्या बहुतेक चुका तेथेच होतात. नाव लेझर असले तरी या बंदुकांत लेझर नसतो. नळीच्या टोकाशी एक अवरक्त (इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश देणारी एलईडी आणि तिच्यापुढे एक भिंग असते, चाप ओढला की टीव्हीच्या रिमोटसारखी ठरावीक कंपनसंख्येची स्पंदने बाहेर पडतात, आणि समोरच्याच्या जाकिटावरील किंवा बंदुकीवरील गडद घुमटामागचा संवेदक (सेन्सर) ती ओळखतो. १९८४ साली अमेरिकेत डॅलस येथे फोटॉन नावाचे पहिले क्रीडागृह उघडले आणि १९८६ साली वर्ल्ड्स ऑफ वंडर या कंपनीने घरी खेळण्याचा लेझर टॅग संच बाजारात आणला, तेव्हापासून घरगुती खेळण्यांतील ही मूळ युक्ती फारशी बदललेली नाही. तो घुमट डोळ्यांना काळसर किंवा गडद तांबडा दिसतो, पण अवरक्त किरणांना तो जवळजवळ काचेइतका पारदर्शक असतो. दिसायला मात्र तो साधा प्लॅस्टिकचा तुकडाच असल्यामुळे ज्याला ठाऊक नाही त्याचा हात त्यावरून सहज फिरतो, आणि चंदेरी रंगातील ॲल्युमिनियमची भुकटी असो वा काळ्या रंगातील काजळी असो, दोन्ही हे किरण अडवतात. म्हणजे खेळणे देखणे दिसते आणि आंधळे होते.

कारागिराच्या कामाचा खरा कस तयारीत दिसला, आणि त्याबद्दल त्याला पूर्ण गुण द्यायला हवेत. बंदूक हातात घेतल्यावर त्याने पहिल्यांदा अंगठ्याचे नख कवचावरून दाबून ओढले, मग बॅटरीचे झाकण काढून त्यावर तसेच केले आणि म्हणाला, ‘‘साहेब, हे दोन वेगळं प्लॅस्टिक आहे. बॉडीवर रंग बसेल, झाकणावर नुसता मारला तर पापुद्रा निघेल.’’ त्याचे म्हणणे अगदी खरे होते. कवचाच्या आतल्या बाजूला एबीएस अशी अक्षरे उमटवलेली होती, तर झाकणावर पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. हे दुसरे प्लॅस्टिक तेलकट स्वभावाचे असते, रंग त्याला धरत नाही आणि त्यासाठी प्रायमरच्याही, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराच्याही, आधी चिकट अस्तराचा वेगळा हात द्यावा लागतो. ज्यांना अक्षरे सापडत नाहीत त्यांनी सुटा भाग पाण्यात टाकून पाहावा : पॉलिप्रोपिलीन पाण्याहून हलके असल्यामुळे तरंगते आणि एबीएस बुडते. कारागिराला ही नावे ठाऊक नव्हती, पण गाड्यांचे बंपर बहुधा पॉलिप्रोपिलीनचेच असल्यामुळे त्याच्या नखाला ती ओळख पक्की होती.

यानंतर सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन घेतले गेले. साच्यातून प्लॅस्टिक सहज सुटावे म्हणून कारखान्यात जो तेलकट थर लावतात तो काही प्रमाणात खेळण्यावर राहतोच, शिवाय मुलांच्या हातांचा घाम आणि वेफर्सचे तेल असतेच. धुऊन वाळल्यावर चारशे नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावत घासणे, खोल ओरखड्यांत पातळ पुट्टी, पुन्हा सहाशेने घासणे आणि मग राखाडी प्रायमर, असा क्रम होता. दोन अर्धकवचे जेथे जुळतात ती साच्याची उंच रेघ त्याने चारही बंदुकांवरून घासून पार घालवली होती. ही गोष्ट आम्ही सांगितलेलीही नव्हती. खेळणे खेळण्यासारखे दिसते ते बव्हंशी त्या रेघेमुळे, आणि ती गेल्यावर रंग चढण्याआधीच वस्तूचे रूप बदललेले होते.

रंग चढवण्याच्या पद्धतीत एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. गाडीच्या रंगात वापरले जाणारे थिनर पत्र्यावर निरुपद्रवी असले तरी एबीएसला ते खाते. पहिलाच हात ओला आणि जाड मारला तर पृष्ठभाग मऊ होतो, बारीक भेगा पडतात आणि मूळ नक्षी बोथट होते. या कारागिराने पहिला हात धुक्यासारखा, खालचा प्रायमर अर्धवट दिसत राहील इतका विरळ मारला, तो कोरडा होऊ दिला आणि मगच पुढचे हात दिले. सुकवण्यासाठी तो टाक्यांवर जो दिवा लावतो तो येथे लावायचा नाही, हे मात्र त्याला सांगावे लागले. पत्र्याची टाकी उष्णता सहज सोसते, प्लॅस्टिकचे पातळ कवच वाकडे होऊ शकते, आणि एकदा वाकले की दोन अर्धी पुन्हा जुळत नाहीत.

चारपैकी तीन बंदुका साध्या रंगांत केल्या : निळी, हिरवी आणि पिवळसर केशरी. चौथीला मुलांनी हट्टाने कँडी लाल मागितला होता, आणि हा प्रकार या दुकानाची खरी करामत म्हणावी लागेल. खाली बारीक चंदेरी अस्तर, त्यावर पारदर्शक लाल रंगाचे एकावर एक पातळ हात, आणि सर्वांत वर पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर हा पारदर्शक संरक्षक थर, अशा रचनेमुळे प्रकाश आत शिरून चंदेरी थरावरून परततो आणि लाल रंगाला खोली येते. पारदर्शक रंगात प्रत्येक जादा हाताने छटा गडद होत असल्यामुळे हात थोडा जरी रेंगाळला तरी डाग दिसतो. मुठीच्या वळणावर, चापाच्या कमानीत, अशा अवघड जागीही छटा एकसारखी आली आहे. उन्हात धरली तर ती बंदूक डाळिंबाच्या दाण्यासारखी दिसते. क्लिअर कोट चकचकीत ठेवल्याने बोटांचे ठसे फार उठतात, ही त्याची दुसरी बाजू आहे. पुन्हा करून घ्यायचे झाल्यास मी मॅट क्लिअर सांगेन, कारण तो ओरखडेही पोटात घालतो.

नावांचे काम मात्र निम्मेच साधले. मुलांनी भवानी, तुळजा, जगदंबा अशी शिवरायांच्या तलवारींची नावे निवडली होती, आणि चौथीचे नाव, बरीच चर्चा होऊन, वाघनख ठरले. कारागिराच्या ओळखीचा एक रेडियमवाला यंत्रावर चिकटपट्टीचे स्टेन्सिल कापून देतो. पण देवनागरीचे स्टेन्सिल कापताना व, ब, घ यांच्या पोटातील पोकळी सुटून बाहेर पडते, त्यामुळे तेथे बारीक पूल ठेवावे लागतात, नाहीतर अक्षर भरीव गोळा होऊन बसते. रेडियमवाल्याने पूल ठेवले नाहीत, आणि कारागिराने सुटलेले तुकडे अंदाजाने हातानेच चिकटवले. त्यामुळे ‘जगदंबा’मधील ब ची रेघ एका बाजूला झुकली आहे आणि ‘भवानी’तील व चे पोट अंमळ लहान झाले आहे. ज्याला अक्षरांची नजर आहे त्याला हे खुपेल, पण मुलांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलेले नाही.

आता मुख्य तक्रार. तीन बंदुका आम्ही पेच काढून, आतील सर्किटची पट्टी, एलईडी आणि भिंग बाजूला काढून केवळ रिकामी कवचे म्हणून दिल्या होत्या. चौथीचे म्हणजे लाल बंदुकीचे दोन पेच घासून गुळगुळीत झालेले असल्याने ती न उघडताच द्यावी लागली, आणि नळीचे तोंड व वरचा घुमट झाकून घ्या असे स्पष्ट सांगितले होते. घुमट नीट झाकला गेला. नळीच्या तोंडात मात्र मास्किंग टेपचा तुकडा न भरता वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता, आणि त्याच्या कडेने चंदेरी अस्तराचा बारीक शिडकावा भिंगावर जाऊन बसला. दिसायला ती भिंगावरची धूळ वाटावी इतकीच होती. परिणाम असा झाला की जी बंदूक पूर्वी पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेम धरत होती, ती दोन खांबांपलीकडे लागेना. बंदूक चालते की नाही हे तपासण्याची सोपी रीत म्हणजे तिचे तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे धरून चाप ओढणे. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पुष्कळशा कॅमेऱ्यांत, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यात, फिकट जांभळा दिसतो. निळी आणि लाल या बंदुका शेजारी धरून पाहिल्या तेव्हा लालचा ठिपका मंद होता. कारागिराने कटकट न करता आणि जादा पैसे न घेता भिंग रबिंग कंपाउंडने हळूहळू घासून दिले, आणि पल्ला बराचसा परत आला, सगळा नाही. त्याच्या वागण्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. मात्र जो भाग दिसण्यासाठी नसून न दिसणाऱ्या कामासाठी आहे, त्याकडे त्याचे लक्ष जात नाही, हे उघड झाले.

चापाच्या बाबतीतही असेच घडले. चाप आणि कवच यांच्यामध्ये कागदाइतकी फट असते. दोन्ही बाजूंना प्रायमर, रंग आणि क्लिअर असे थर चढल्यावर ती फट बुजते. हिरव्या बंदुकीचा चाप ओढल्यावर परत येईना, म्हणून आतील कडा घासाव्या लागल्या. चाप, बटणे आणि बॅटरीच्या झाकणाच्या खाचा न रंगवता मूळ रंगातच ठेवाव्यात, हे कोणत्याही कारागिराला आधी सांगून ठेवणे शहाणपणाचे.

या साऱ्याहून गंभीर प्रश्न रंगातील घटकांचा आहे, आणि त्याबद्दल दुकानात कोणी आपण होऊन बोलत नाही. आपल्याकडे घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी ९० पीपीएमची (दशलक्ष भागांत ९० भागांची) मर्यादा घातली आहे, पण गाड्यांचे व औद्योगिक रंग त्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. औद्योगिक रंगांत गडद पिवळा, केशरी आणि काही लाल छटांसाठी लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य वापरण्याची रीत जुनी आहे. खेळण्यांसाठी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले, आणि त्यातील आयएस ९८७३ या मानकाच्या तिसऱ्या भागात शिसे, कॅडमियम, पारा आदी आठ मूलद्रव्ये खेळण्यातून किती झिरपू शकतात यावर मर्यादा आहेत. परंतु ते प्रमाणपत्र खेळणे कारखान्यातून निघाले त्या अवस्थेचे असते. आपण त्यावर दुसरा रंग चढवला की त्या रंगाबद्दल ते काहीच सांगत नाही. आमची मुले दहा-बारा वर्षांची आहेत आणि बंदूक तोंडात घालण्याचे त्यांचे वय उलटले आहे, तरीही पिवळसर केशरी बंदुकीसाठी मी कारागिराला शिसेविरहित असे स्पष्ट लिहिलेला डबाच वापरायला लावला आणि तो डबा स्वतः आणून दिला. घरात वस्तू चाटणारे, चावणारे लहान मूल असेल तर गाडीच्या रंगाचा नाद सोडून द्यावा. त्याऐवजी खेळण्यांसाठी चालतो असे डब्यावर नमूद केलेला पाण्याचा ॲक्रिलिक रंग निवडावा, तो टिकायला कमी असला तरी.

क्लिअर कोटविषयीही एक गोष्ट बजावून ठेवतो. दोन घटक मिसळून तयार होणाऱ्या पीयू क्लिअरच्या हार्डनरमध्ये, म्हणजे तो घट्ट करणाऱ्या घटकात, आयसोसायनेट असते, आणि त्याची फवारणी श्वासातून आत जाणे दम्याला निमंत्रण देणारे आहे. आमचा कारागीर नाकाला रुमाल बांधून फवारणी करत होता. ती त्याची रोजची सवय असली तरी पाहवत नाही. मुलांना रंगकाम दाखवायला नेण्याचा मोह होतो, पण फवारणी चालू असताना त्यांना तेथे उभे करू नये. काम घरी आणल्यावरही वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, बंदुका गॅलरीत टांगून ठेवणे चांगले. रंग हाताला कोरडा लागतो तेव्हा तो आतून पक्का झालेला असतोच असे नाही.

कारागिराने एकदा सहज विचारले, ‘‘एखादी काळी करू का, एकदम खऱ्यासारखी?’’ मुलांचे डोळे चमकले, मी नकार दिला, आणि त्या नकाराचे कारण येथे नोंदवणे योग्य होईल. अमेरिकेत १९८९ पासून खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातील बंदुकीच्या नळीला भडक नारिंगी टोक असणे, किंवा खेळणे पारदर्शक अथवा भडक रंगाचे असणे, सक्तीचे आहे. २०१४ साली क्लीव्हलँडमध्ये बारा वर्षांच्या मुलावर पोलिसाने गोळी झाडली, आणि त्याच्याजवळच्या एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडणाऱ्या) बंदुकीवरील नारिंगी खूण काढून टाकलेली होती. आपल्याकडचे वातावरण तसे नाही, हे मान्य. तरी अंधारात पार्किंगमधून काळी बंदूक रोखून धावणारा मुलगा पाहून नव्या पहारेकऱ्याच्या छातीत धस्स व्हावे, असे कोणाला वाटेल? विमानातील हातसामानात तर खेळण्यातील बंदूकही नेऊ देत नाहीत. म्हणून चारही बंदुकांच्या नळ्यांची टोके रंगवताना झाकून मूळच्या नारिंगी रंगातच ठेवली, आणि इतर रंगांच्या शेजारी ती वाईट दिसत नाहीत.

हे सारे घरी स्प्रे कॅन आणून करता येणार नाही का, असा प्रश्न साहजिकच पडेल. साध्या एकरंगी कामासाठी जरूर करता येते. ॲक्रिलिक लॅकरचा डबा वापरण्याआधी कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवावा, वीस ते तीस सेंटिमीटरवरून, फवारा वस्तूच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवत पातळ हात मारावेत, म्हणजे ओघळ येत नाहीत. एक प्रकारचा रंग दुसऱ्या प्रकारावर मारण्याआधी आतील बाजूस चाचणी घ्यावी, कारण इनॅमलवर लॅकर मारला तर खालचा रंग सुरकुततो. पण स्प्रे कॅनच्या एकघटकी क्लिअरला पीयूची टणक पकड येत नाही, आणि मुलांच्या हातात आपटणाऱ्या वस्तूला तीच हवी असते. काम बाहेर देण्याचे मला पटलेले कारण एवढेच आहे.

खर्चाचे म्हणाल तर साध्या रंगाच्या बंदुकीला नऊशे रुपये, कँडीला चौदाशे आणि नावाचे दीडशे वेगळे पडले. नवीन संचाच्या किमतीशी तुलना केली तर हे स्वस्त नाही, किंबहुना केवळ हिशेब पाहणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. सांगितलेल्या दिवशी काम तयार नव्हते आणि दोनदा हेलपाटा झाला, पण दिवाळीच्या तोंडावर दुचाकीवाल्यांची गर्दी असताना खेळणी मागे पडणार हे गृहीत धरायला हवे होते. पावसाळ्यात तर देऊच नये : हवा दमट असली की लॅकर सुकताना पृष्ठभाग थंड होऊन त्यावर बाष्प धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. कारागीर सुकणे लांबवणारे रिटार्डर थिनर घालून ती टाळतो खरा, पण मग सुकायला दुप्पट वेळ लागतो. दिवाळी उलटल्यापासून होळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

काम घेताना उरलेला रंग मागून घ्यावा. हार्डनर मिसळलेला क्लिअर काही तासांतच घट्ट होतो, तेव्हा तो मिळणार नाही, पण खालचा बेस रंग लहान बाटलीत घट्ट बूच लावून बराच काळ टिकतो. आमच्याकडे तीन बाटल्या आहेत आणि हिरवी निम्मी संपली आहे. कँडी लालाची दुरुस्ती मात्र ब्रशने होत नाही, तिच्या टवक्यासाठी पुन्हा नाना पेठच गाठावी लागते.